सुख-दुःखाची दोन वेगळी मापे

(पालक, शिक्षक आणि वसतिगृहांतून काम करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



भावना ही काय मोजण्याची वस्तू आहे, असा प्रश्न आजचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट आपण मान्य करू. आपल्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाविषयी आपल्याला पुष्कळ आकडे ठाऊक असतात. उंची किती वाढली, चाचणीत किती गुण मिळाले, शिकवणीचे शुल्क किती, चष्म्याचा क्रमांक किती. तो मनातून कसा आहे, हे मात्र आपण एका प्रश्नावर सोडून देतो. "कसं चाललंय?" असे आपण विचारतो, तो "ठीक" म्हणतो, आणि दोन्ही पक्षांचे समाधान होते. या "ठीक"च्या आत काय काय दडलेले असू शकते, याचा शोध घेण्याचे शास्त्र गेली साठ वर्षे विकसित होत आले आहे. आजचे माझे निवेदन त्याविषयी आहे.

हा विषय निव्वळ बौद्धिक कुतूहलाचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार यादीत त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर महाराष्ट्र होता. त्याच वर्षी 'एनसीईआरटी'ने देशभरातील सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे चिंता वाटत असल्याचे नोंदविले. या दोन आकड्यांचा परस्परांशी सरळ संबंध लावण्याची घाई मी करणार नाही. चिंता वाटणारी बहुसंख्य मुले परीक्षा देतात, पास होतात आणि पुढे जातात. परंतु या प्रचंड समुदायात ज्याला खरोखर हात द्यायला हवा, तो मुलगा किंवा ती मुलगी ओळखायची कशी, हा प्रश्न उरतोच.

आता मोजमापाकडे वळू. सर्वसामान्य समजूत अशी की सुख आणि दुःख ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. एक वर गेले की दुसरे खाली येणारच. दुःख कमी केले की सुख आपोआप वाढले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ब्रॅडबर्न यांनी १९६० च्या दशकात लोकांना दोन्ही प्रकारचे प्रश्न स्वतंत्रपणे विचारले. अलीकडे आपण एखादे काम पूर्ण केल्याचा आनंद अनुभवला का? अलीकडे आपल्याला एकाकी वाटले का? १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आलेला निष्कर्ष अनेकांना चकित करणारा होता. पहिल्या प्रकारच्या उत्तरांवरून दुसऱ्या प्रकारच्या उत्तरांचा फारसा अंदाज बांधता येत नव्हता. म्हणजे तराजू एक नव्हता, दोन होते.

याच विचारावर पुढे १९८८ साली डेव्हिड वॉटसन, ली ॲना क्लार्क आणि ऑके टेलेगेन यांनी एक मापिका तयार केली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पॅनास' म्हणतात. रचना इतकी साधी की प्रथमदर्शनी हसू यावे. वीस शब्द आहेत. दहा सकारात्मक भावनांचे, दहा नकारात्मक भावनांचे. उत्साही, सजग, निश्चयी, प्रेरित, अभिमान वाटणारा हे पहिल्या गटातले काही शब्द. भयभीत, चिडखोर, अस्वस्थ, लज्जित, अपराधी वाटणारा हे दुसऱ्या गटातले. प्रत्येक शब्दासमोर एक ते पाच यांपैकी एक आकडा लिहायचा. एक म्हणजे जवळजवळ नाहीच, पाच म्हणजे अत्यंत. दोन्ही गटांची बेरीज वेगवेगळी करायची. प्रत्येक बेरीज दहा ते पन्नास यांच्या दरम्यान येते. या दोन बेरजांची वजाबाकी करून एकच 'आनंदाचा गुणांक' काढायचा नाही, हे या मापिकेचे मर्म आहे. मूळ अभ्यासात या दोन बेरजांमधील सहसंबंध उणे ०.१२ ते उणे ०.२३ इतकाच आढळला. एक पारडे खाली गेल्यावर दुसरे वर जाणारच असते, तर हा आकडा उणे एकच्या जवळ जायला हवा होता.

वैशेषिक दर्शनाने जे चोवीस गुण गणले आहेत, त्यांत सुख आणि दुःख हे दोन स्वतंत्र गुण म्हणून येतात. दुःख म्हणजे सुखाचा अभाव, अशी सोपी व्याख्या तिथे केलेली नाही. हे ऐकून कोणी लगेच, पाहा, हे सगळे आमच्याकडे आधीच होते, असे म्हणू नये. दर्शनकारांनी प्रश्नावल्या वाटल्या नव्हत्या आणि सहसंबंध काढले नव्हते. परंतु अनुभवाचे सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्यांना ही दोन्ही तत्त्वे वेगळी दिसली होती, एवढे आपण निश्चित म्हणू शकतो.

ही मांडणी पालकांच्या कामाची कशी, ते सांगतो. समजा, दोन मुली आहेत. दोघीही दहावीत. पहिली सतत धास्तावलेली असते, रडते, आईवर चिडते, पण त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन नाटकाची तालीम रंगून करते. दुसरी कुणावर चिडत नाही, रडत नाही, विचारले तर "काही नाही" म्हणते. तिने चित्रे काढणे सोडले आहे, गाणे सोडले आहे, आवडीचा पदार्थ समोर आला तरी तिला त्याचे काही वाटत नाही. आपले सगळे लक्ष पहिलीकडे जाते. तिच्यासाठी आपण बैठका घेतो, डॉक्टर गाठतो. दुसरी 'गुणी' ठरते.

क्लार्क आणि वॉटसन यांनी १९९१ साली चिंता आणि नैराश्य यांच्या संबंधाचा जो विचार मांडला, तो या दोन मुलींना लावून पाहा. नकारात्मक भावनांची पातळी चिंतेतही वाढते आणि नैराश्यातही वाढते. त्यामुळे तिच्यावरून दोहोंत फरक करणे कठीण. चिंतेचे वेगळेपण छातीतील धडधड, घाम, थरथर अशा शारीरिक उत्तेजनेत दिसते. नैराश्याचे वेगळेपण मात्र सकारात्मक भावना आटण्यात आहे. उत्साह नाही, रस नाही, उमेद नाही. म्हणून 'दुःख किती आहे' एवढेच विचारणारी पद्धत अपुरी ठरते. 'आनंद कितपत उरला आहे' हेही स्वतंत्रपणे विचारावे लागते. त्या दुसऱ्या मुलीच्या कागदावर नकारात्मक भावनांची बेरीज कदाचित मध्यमच येईल. सकारात्मक भावनांची बेरीज तळाला गेलेली असेल, आणि जाणकाराची नजर तिथे थांबेल. आवाज करणारे दुःख घरातील सर्वांना ऐकू येते. आनंद आटतो तेव्हा आवाज होत नाही.

मूळ मापिका प्रौढांसाठी होती. १९९९ साली जेफ लॉरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी तिची वेगळी आवृत्ती केली. तिच्यात सत्तावीस शब्द आहेत, बारा सकारात्मक आणि पंधरा नकारात्मक. गंमत अशी की मोठ्यांच्या वीस शब्दांत 'आनंदी' हा शब्द नाही आणि 'दुःखी' हाही नाही! ते दोन्ही मुलांच्या आवृत्तीत आले. 'एकाकी' हा शब्द आला. 'शांत' हाही आला. आंतरराष्ट्रीय वापरासाठी २००७ साली दहा शब्दांची छोटी आवृत्ती झाली, तर मुलांसाठीची दहा शब्दांची आवृत्ती २०१२ साली आली. ज्याला अधिक खोलात जायचे असेल, त्याच्यासाठी साठ शब्दांची विस्तृत मापिकाही १९९४ पासून आहे. ही सगळी हत्यारे परदेशात घडली आणि तिथल्या मुलांवर पारखली गेली. आपल्याकडे ती आणताना काय होते, हा या विषयाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. त्याला थोडा अधिक वेळ देतो.

'लाज' हा शब्द घ्या. इंग्रजी मापिकेत लज्जित वाटणे ही निःसंशय नकारात्मक भावना आहे. तिला पाच गुण दिले तर नकारात्मक बेरीज पाचाने वाढते. आता आपल्याकडे पाहा. 'त्याला लाजच नाही' हे आपण कौतुकाने म्हणतो का? उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांनी भुवनेश्वर येथे लज्जेचा अभ्यास केला आणि १९९४ साली तो प्रसिद्ध केला. तिथल्या स्त्रीपुरुषांनी लज्जेचे वर्णन मनाला आवर घालणारी, नात्यांची बूज राखणारी शक्ती असे केले. माणसाला कमीपणा आणणारी भावना म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. मराठीत तर आणखी छटा आहेत. लाज वाटणे, लाजणे, संकोच वाटणे, शरम वाटणे, ओशाळणे. सोळा वर्षांची मुलगी पाहुण्यांसमोर लाजली आणि सोळा वर्षांचा मुलगा कॉपी करताना पकडला जाऊन शरमला, या दोघांना एकाच शब्दाखाली एकच गुण द्यायचा का?

उलट बाजूने 'अभिमान' पाहा. तिकडे तो सकारात्मक गटात. आपल्याकडे देशाचा अभिमान, भाषेचा अभिमान हे चांगले. पण "मला स्वतःचा अभिमान वाटतो" असे लिहिताना अनेक मुलांचा हात अडखळतो, कारण लहानपणापासून त्यांनी अभिमान, गर्व आणि अहंकार हे शब्द एका दमात ऐकलेले असतात. संस्काराने विनम्र असलेला मुलगा तिथे दोन लिहितो आणि मापिका म्हणते, याची सकारात्मक भावना कमी आहे!

तिसरा मुद्दा शांतीचा. वीस शब्दांच्या मूळ मापिकेत सकारात्मक भावना म्हणजे प्रामुख्याने उत्साह, उत्तेजन, सज्जता. शांत, निवांत, समाधानी या अवस्था तिच्यात नाहीत. ज्यांनी ती बनविली त्यांनी हे समजून-उमजूनच केले, कारण त्यांना भारलेल्या, सक्रिय मनःस्थितीचेच माप हवे होते. परंतु प्रत्येक समाजात चांगल्या मनःस्थितीची कल्पना सारखी नसते. जीन त्साई आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले की युरोपीय वंशाच्या अमेरिकन तरुणांना उत्तेजित आनंद अधिक हवासा वाटतो, तर हाँगकाँगच्या चिनी तरुणांना शांत आनंद. आपल्या घरी सायंकाळी देवापाशी दिवा लावल्यावर जे वाटते, ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, आठ सात्त्विक भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव, असे एकोणपन्नास भाव सांगितले आहेत. शांतरसाची प्रतिष्ठापना पुढे अभिनवगुप्तांनी केली. या भावसंपदेचा उपयोग आधुनिक प्रयोगशाळेत झालेला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नाट्यशास्त्राला अनुसरून केलेल्या दहा भावांच्या अभिनयाच्या चित्रफिती भारतीय आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दाखविण्यात आल्या. क्रोध, भय, शोक तर होतेच. शिवाय वीर, शांत, लज्जा, विस्मय असे, पाश्चात्त्य मानसशास्त्राच्या नेहमीच्या यादीत न बसणारे किंवा क्वचितच येणारे भावही होते. दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांनी ते निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून कितीतरी चांगल्या प्रकारे ओळखले. भाव ओळखता येतो, एवढेच हे संशोधन सांगते. त्यावरून किशोरांसाठी प्रमाणित मापिका तयार करणे ही त्यापुढची, बरीच कष्टाची पायरी आहे, आणि ती केवळ अभिमानाने चढता येत नाही. शब्द निवडावे लागतात, मराठीत आणून पुन्हा उलट इंग्रजीत भाषांतर करून ताडून पाहावे लागतात. शहरातल्या, खेड्यातल्या आणि आश्रमशाळेतल्या शेकडो मुलांकडून भरून घ्यावे लागतात. महिन्याभराने त्याच मुलांना पुन्हा विचारावे लागते. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात असे काम आपल्या मातीत झालेले आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्ड यांच्या बुद्धिविषयक प्रतिमानाला धरून कसोट्या बनविल्या आणि वर्षानुवर्षे वापरल्या. भावनांच्या बाबतीतही तितक्याच चिकाटीच्या कामाची गरज आहे. इथे मानसशास्त्राचे विद्यार्थी बसले असतील, तर त्यांनी हा विषय जरूर घ्यावा.

आणि शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आजच्या मुलांपाशी भावनांसाठी शब्दच कमी पडू लागले आहेत. 'टेन्शन आलंय', 'बोअर होतंय', 'मूड नाही' या तीन वाक्यांत सगळे आटोपते. मराठीने आपल्याला केवढी श्रीमंती दिली आहे पाहा. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, धास्ती, घालमेल, वैताग, उद्वेग, विषण्णता. पेपर सोपा होता आणि घाईत एक गणित चुकले, तर चुटपुट लागते. उद्याच्या पेपराची धास्ती असते. मित्र गावाला गेला तर हुरहूर. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. तिन्हींना 'टेन्शन' म्हटले की उपाय सुचत नाही, कारण नेमके काय झाले आहे हेच कळलेले नसते. एरिक नूक आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली पाच ते पंचवीस वर्षे वयाच्या १४३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकींपासून भावना वेगळ्या ओळखण्याची क्षमता बालपणापासून सरळ वाढत जात नाही, ती किशोरवयात खाली येते आणि तारुण्यात पुन्हा वाढते, असे त्यात दिसले. लहान मूल एका वेळी एकच भावना सांगते. किशोराला एकाच वेळी राग, भीती आणि अपराधी भाव असे सगळे एकत्र वाटते, आणि ते सुटे करता येत नाही. तेव्हा "नक्की काय होतंय ते सांग ना!" असे दरडावून विचारणाऱ्या पालकांनी ध्यानात घ्यावे की तो लपवत असेलच असे नाही. त्याला खरोखरच सांगता येत नसेल.

मोजमापातील दुसरी अडचण काळाची. "गेल्या आठवड्यात तुला किती वेळा निराश वाटले?" या प्रश्नाला मिळणारे उत्तर हे आठवड्याचे नसते, आठवणीचे असते. काल निकाल चांगला लागला तर सगळा आठवडा बरा वाटतो. यावर शिकागोत मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी एक युक्ती काढली. ७५ शाळकरी मुलामुलींना आठवडाभर पेजर दिले. दिवसातून अनेकदा, कोणत्याही अनपेक्षित क्षणी तो वाजे आणि मुलांनी त्या क्षणी आपण कुठे आहोत, काय करत आहोत, कसे वाटते आहे ते वहीत लिहायचे. १९८४ साली हे काम पुस्तकरूपाने आले. किशोरांच्या भावनांचे हेलकावे मोठे असतात, पण टोकाला गेलेली मनःस्थिती सरासरी पाऊण तासात पूर्वपदावर येते, असे त्यांना दिसले. मुलगा दार आपटून खोलीत गेला, तर लगेच दारावर थापा मारण्यापेक्षा तासभर थांबणे शहाणपणाचे, ते यामुळे.

हेच लार्सन पुढे भारतात आले आणि चंदीगडच्या सुमन वर्मा यांच्यासोबत त्यांनी आठवीच्या शंभर मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पेजरच्या ऐवजी गजराची घड्याळे दिली. एका आठवड्यात साडेचार हजारांहून अधिक नोंदी जमल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधातील चित्र आपल्या घरात रोज दिसते तेच आहे. जागेपणीचा एक तृतीयांश वेळ शाळा आणि अभ्यास यांत जात होता, आणि त्या वेळात मुलांच्या नोंदी सरासरीपेक्षा खालच्या होत्या. कंटाळा, चिंता, 'दुसरे काही करत असतो तर बरे' ही इच्छा. जी मुले गृहपाठावर अधिक वेळ घालवत, त्यांची एकूण मनःस्थिती अधिक खालावलेली आणि मनातल्या मनात कुढण्याच्या समस्या अधिक. हे ऐकून अभ्यासच बंद करावा, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी पुढचा निष्कर्ष. ज्यांचा अधिक वेळ मोकळेपणात जाई, त्यांची मनःस्थिती चांगली होती, पण अभ्यासाविषयीची चिंता जास्त आणि गुणही कमी होते. कोणतीही एक बाजू घेऊन टाळ्या मिळविता येणार नाहीत, असा हा अभ्यास आहे. याच प्रकल्पातून भारतीय किशोर कुटुंबापासून तुटत नाहीत, घरच्यांसोबत भरपूर वेळ घालवितात आणि तो बहुधा आनंदात जातो, असेही समोर आले. अर्थात हे सारे मोबाइल घरोघरी पोहोचण्यापूर्वीचे आहे. आज त्याच चंदीगडमध्ये, किंवा आपल्या नाशिक-नागपुरात, तोच अभ्यास पुन्हा व्हायला हवा. आता तर वेगळी घड्याळे द्यायचीही गरज नाही. ज्या यंत्राला आपण दोष देतो, तेच हातात आहे.

आईवडिलांना एक अप्रिय गोष्ट सांगतो. "माझ्या मुलाचे मन मला कळते" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो. थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुलांच्या भावनिक आणि वर्तनविषयक अडचणींबद्दल मुलाने स्वतः सांगितलेले आणि इतरांनी त्याच्याविषयी सांगितलेले, यांतील सहसंबंध सरासरी ०.२२ इतका कमी निघाला. याचा अर्थ आई चुकते असा नाही आणि मूल खोटे बोलते असाही नाही. आईला घरातला मुलगा दिसतो, शिक्षकांना वर्गातला, आणि रात्री दोन वाजता जागा असलेला मुलगा त्याचा त्यालाच दिसतो. लार्सन आणि मेरिस रिचर्ड्स यांनी शिकागोच्या उपनगरांतील ५५ कुटुंबांत आई, वडील आणि मूल, तिघांनाही एकाच वेळी पेजर देऊन पाहिले. १९९४ मध्ये आलेल्या या पुस्तकात दिसते की एकाच टेबलाशी बसलेली तीन माणसे तीन वेगळ्या संध्याकाळी जगत असतात. म्हणून मुलाविषयी मुलालाच विचारावे लागते. कागदावर, एकट्याला, घाई न करता.

तरुणांच्या बाबतीत तर विचारायलाही जवळ कोणी नसते. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुले एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. बावीस, पंचवीस, अठ्ठावीस वर्षांची. गावाकडे फोनवर "ठीक" सांगतात. अभ्यासिकेत दिवसभर कुणाशी बोलणे नाही. मेसमध्ये जेवताना बोलणे होते ते जागा किती निघाल्या याचे. चौथ्यांदा पूर्व परीक्षा हुकलेला तरुण खोलीत तसाच बसून असतो आणि बाकीचे त्याला त्रास नको म्हणून त्याच्याशी बोलत नाहीत. या वयाला शाळेचे समुपदेशक नाहीत, पालकसभा नाहीत. आपल्या कार्यकर्त्यांचा या मुलांशी संबंध येतो, वसतिगृहे चालविली जातात, अभ्यासिका चालविल्या जातात. तिथे हे काम आहे.

पण काम करायचे म्हणजे उद्यापासून प्रश्नावल्या वाटत सुटायचे, असे नाही. हे मी आवर्जून सांगतो, कारण उत्साहाच्या भरात असे घडताना मी पाहिले आहे. एका शिबिरात दीडशे मुलांकडून कागद भरून घेतले गेले, बेरजा झाल्या, आणि समारोपाला सर्वांत 'सकारात्मक' गटाचा टाळ्यांच्या गजरात सत्कार झाला. पुढच्या वेळी ती सगळी मुले प्रत्येक शब्दासमोर पाच लिहितील, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. ज्या क्षणी भावनांच्या मापाला बक्षीस किंवा शिक्षा जोडली जाते, त्या क्षणी ते माप मरते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकात बौद्धिक अंगाबरोबर भावनिक अंगही यावे असे म्हटले आहे. हेतू उत्तम आहे. तरीही उत्साह, भय, लज्जा यांचे गुण प्रगतिपत्रकावर छापून घरी पाठविण्याची कल्पना कुणी मांडली, तर शिक्षकांनी तिला विरोध करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे पथ्य. ही मापिका निदान करत नाही. बेंगळुरूच्या 'निम्हान्स'ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळला. तो प्रशिक्षित लोकांनी, मुलाखती घेऊन ठरविलेला आकडा आहे. आपल्या कागदावरची बेरीज फार तर एवढेच सांगते की या मुलाशी कुणीतरी निवांत बोलायला हवे. कोण बोलणार, कधी बोलणार, आणि त्यापुढे गरज पडली तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणार, हे कागद वाटण्याआधी ठरलेले असले पाहिजे. एखाद्या मुलीने सगळे खरे खरे लिहिले, तिची बेरीज काळजी करण्याजोगी आली, आणि तो कागद महिनाभर कपाटात पडून राहिला, तर न विचारलेले बरे होते. तिने विचारणाऱ्यावर विश्वास टाकला होता.

तिसरे, गुप्ततेचे. कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडा पडता कामा नये आणि व्हॉट्सॲपच्या गटात तर मुळीच जाता कामा नये. अठरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात हाताळताना पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घ्यावी, अशी तरतूद २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात केलेली आहे. त्याबरोबर मुलालाही विचारावे. "नको" म्हणण्याची मोकळीक त्याला हवी, आणि नको म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहू नये.

घरी काय करता येईल, असे अनेकजण विचारतात. घरी मापिका आणू नका. आईने मुलाला एक ते पाच गुण विचारायला सुरुवात केली, तर घराची प्रयोगशाळा होईल. घरी लक्ष ठेवायचे ते दोन वेगळ्या गोष्टींवर. तो कशाने त्रासतो आहे, ही एक. कशात रमतो आहे, ही दुसरी. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सलग दोन-तीन आठवडे 'कशातच नाही' असे येऊ लागले, झोप आणि भूक बिघडली, आवडत्या वस्तू तो इतरांना देऊन टाकू लागला किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागला, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका आणि लोक काय म्हणतील याचाही विचार करू नका. मरणाविषयी मनात विचार येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही भीती निराधार आहे. शांतपणे विचारा. तो जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐका, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी घ्या.

शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दूरध्वनीला पैसे पडत नाहीत, चोवीस तास उत्तर मिळते आणि मराठीत बोलता येते. वसतिगृह आणि अभ्यासिका चालविणाऱ्यांनी हा क्रमांक कार्यालयातल्या फलकावर लावू नये. तो जिन्यात, पाणी पिण्याच्या जागी, स्नानगृहाच्या दाराशी लावावा, म्हणजे कुणाच्या नजरेसमोर उभे न राहता तो टिपून घेता येईल. आता आपले प्रश्न घेऊ.